कुवेतचं पंचवीस, आपलं एकशे चार

विचारा पंपावरच्या काकांना : डिसेंबर २०२५

गेल्या अंकात मायलेजवर लिहिताना शेवटी मी सहज एक वाक्य टाकलं होतं : पाटीवरचा पेट्रोलचा दर हा तेलाचा दर नसतो. त्या वाक्यानं घोळ केला. एरवी महिन्याला पाच-सहा पत्रं येतात, या वेळी पोस्टमननं गठ्ठाच आणून टाकला. अर्ध्या पत्रांत एकच सवाल : मग कशाचा असतो ओ?

नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच. विजापूर रोडवरच्या एका पंपावर चौतीस वर्षं नोकरी केली. सुरुवात नोझल धरून झाली, शेवट मॅनेजरच्या खुर्चीत. पहाटे टाकीत डिप, म्हणजे मापाची काठी, घालायची, टँकर आला की डेन्सिटी बघायची, रात्री शिफ्टचा हिशेब जुळवायचा आणि दिवसभर ‘आधी झिरो दाखवा’ ऐकायचं. अर्थशास्त्र मी शाळेत शिकलो नाही, ते गिऱ्हाइकांच्या शिव्या खात शिकलो. दर कोणीही वाढवो, शिवी पंपावरच्या माणसालाच बसते.

प्रश्न : माझा थोरला कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. फोनवर सांगतो, तिथं पेट्रोल पंचवीस रुपये लिटर. मी इथं स्कूटीवर शेंगा चटणीची लाइन मारतो, मला एकशे चार पडतात. तेल त्यांच्याकडूनच येतं ना? मग मधले ऐंशी रुपये कोण खातं?
(चटणी विक्रेते, बाळीवेस, सोलापूर)

उत्तर : पोरगं खरं सांगतंय. कुवेतमध्ये साध्या, म्हणजे ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलचा दर ८५ फिल्स आहे. हजार फिल्सचा एक दिनार, दिनार डिसेंबर २०२५ मध्ये दोनशे नव्वदच्या आसपास, म्हणजे झाले पंचवीस रुपये. ऑगस्ट २०१६ पर्यंत तर हाच दर ६० फिल्स होता.

आता तुमचे ऐंशी रुपये शोधू. पाटी-पेन्सिल घ्या. आकडे सगळे डिसेंबर २०२५ चे.

कच्चं तेल बॅरलवर विकतात. एका बॅरलात १५९ लिटर. तेव्हा बॅरल साठ-बासष्ट डॉलरला होतं आणि डॉलर नव्वद रुपयांच्या घरात. हिशेब केला की लिटरला पस्तीस रुपये येतात. पण हे कच्चं झालं. तुम्ही ज्या भावानं शेंगा घेता त्या भावात चटणी होत नाही. फोलपट जातं, भाजणावळ लागते, लसूण-तिखट लागतं, कांडपाला माणूस लागतो. तेलाचंही तसंच. रिफायनरीत ते तापवून त्यातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळं काढतात, तळाला डांबर राहतं. पेट्रोल हा त्यातला भारी भावाचा माल. मग जहाजाचं भाडं, रिफायनरीचा खर्च, कंपनीचा नफा, मुंबईत माहुलहून पाइपलाइननं पुण्याजवळच्या लोणीला, तिथून आपल्या पाकणीच्या डेपोला, आणि पाकणीहून टँकरनं पंपावर. हे सगळं धरून कंपनीचे साधारण त्रेपन्न रुपये होतात.

त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे. पंपमालकाचं कमिशन चार रुपयांच्या थोडं वर. बेरीज आली एकोणऐंशी. मग राज्याचा व्हॅट, २५ टक्के. तो कंपनीच्या त्रेपन्नवर लागत नाही, या एकोणऐंशीवर लागतो. म्हणजे केंद्राच्या करावर राज्याचा कर, आणि माझ्या मालकाच्या कमिशनवरही. शिवाय लिटरमागं ठोक ५ रुपये १२ पैसे. घ्या, एकशे चार झाले. यात दोन्ही सरकारांचे मिळून सत्तेचाळीस.

म्हणजे तुमच्या ऐंशीतले सत्तेचाळीस इथं सापडले. चार पंपाचे. राहिले अठ्ठावीस-एकोणतीस. ते आपल्याकडं कोणी खाल्लेले नाहीत, ते कुवेत सरकारनं तिकडं सोडून दिलेत.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथंच आहे. मंगळवेढ्याचा शेतकरी घरच्या भाकरीला बाजारभाव लावत नाही. पोतं घरचं, चूल घरची. पण त्यानं सगळ्या भावकीला वर्षभर पायलीला दहा रुपयांनी ज्वारी घातली, तर तेवढी ज्वारी बाजारात जायची राहिली, तेवढे पैसे त्याच्या हातात आले नाहीत. कुवेत आपल्या भावकीला अशी ज्वारी घालतो. त्याला परवडतं, कारण पोती भरपूर आणि भावकी लहान. तिथं पगारावर आयकरही नाही, सरकार तेलाच्या पैशावरच चालतं. आपल्याकडं पोतंच विकत आणायचं. लागणाऱ्या कच्च्या तेलातलं पंचाऐंशी टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो.

म्हणून सत्तेचाळीस रुपयांचा राग धरू नका असं मी म्हणणार नाही. मलाही आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये जगात तेलाचं इतकं वाटोळं झालं की अमेरिकेतल्या वायदेबाजारात २० तारखेला बॅरलचा भाव शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर गेला. ‘घेऊन जा, वर पैसे देतो’ अशी गत. इथं लॉकडाउन, पंपावर दिवसभरात ॲम्ब्युलन्स, पोलिसांच्या गाड्या आणि दुधाचे टेंपो, बस्स. मला वाटलं, आता दर पन्नाशीत येणार. मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवर लिटरला दहा रुपये शुल्क वाढवलं. तेल उतरलेले पैसे पंपापर्यंत आलेच नाहीत, वाटेतच दिल्लीला उतरले. राज्याचीही तीच तऱ्हा. २०१५ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं लिटरमागं दोन रुपये लावले होते. पाऊस पडला, दुष्काळ गेला, पण तो ठोक आकडा काही गेला नाही. वाढत वाढत १० रुपये १२ पैशांवर पोचला. जुलै २०२२ मध्ये त्यातले पाच कमी केले, म्हणून आज ५.१२ दिसतोय.

आणि कर कमी झाला तरी आम्हा पंपवाल्यांचं तोंड वाकडंच. २०२१ ची दिवाळी. आदल्या संध्याकाळी बातमी आली, पेट्रोलवरचं शुल्क पाच रुपयांनी कमी, मध्यरात्रीपासून लागू. आमच्या टाकीत त्या रात्री बारा हजार लिटर पेट्रोल होतं, जुन्या दरानं पैसे भरून घेतलेलं. व्हॅट धरून लिटरला सहा रुपयांच्या आसपास उतरलं. बाहेर लोक फटाके उडवत होते आणि आमचे मालक ऑफिसात कॅल्क्युलेटरवर बहात्तर हजारांचा आकडा बघत बसले होते. फराळाचा डबा उघडलाच नाही त्यांनी.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. जगात पेट्रोल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग कुठं, आणि का? यादी नको काका, यादी मला पाठ आहे. लक्षात राहील असं सांगा.
(विद्यार्थिनी, अभ्यासिका, सात रस्ता)

उत्तर : बाई, तू माझं काम सोपं केलंस.

स्वस्ताईत इराण, लिबिया आणि व्हेनेझुएला या तिघांची नावं वर्षानुवर्षं वर असतात. लिबियात लिटरला तिथल्या दिनारचे (तो कुवेतच्या दिनाराएवढा भारी नाही) पंधरा शतांश, म्हणजे अडीच रुपयांच्या आतबाहेर. इराणमध्ये तर रेशनकार्डासारखं पेट्रोलचं कार्ड आहे, २००७ पासून. महिन्याला पहिले साठ लिटर १५ हजार रियालनं, पुढचे ३० हजारांनं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यावर ५० हजारांचा तिसरा टप्पा आला. हजार ऐकून दचकू नकोस, रियाल इतका घसरलाय की खुल्या बाजारात १५ हजार रियाल म्हणजे आपला रुपया-सव्वा रुपया.

रुपयात लिटर! पण पुढचं ऐक. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या सरकारनं १० हजारांचे १५ हजार केले, तर देशभर जाळपोळ झाली, गोळीबार झाला, माणसं मेली, इंटरनेट बंद पडलं. व्हेनेझुएलाची गोष्ट त्याआधीची. २७ फेब्रुवारी १९८९, पेट्रोल वाढलं म्हणून बसचं तिकीट वाढलं, आणि राजधानी काराकास पेटली. शेकडो मेले. त्या घटनेला तिथं ‘काराकासो’ म्हणतात. त्यानंतर पुढच्या सरकारांना दराला हात लावायची अशी काही धास्ती बसली, की पाण्याची बाटली टाकीभर पेट्रोलपेक्षा महाग झाली. पुढं काय झालं? जगात सगळ्यात जास्त तेलसाठा ज्यांच्या जमिनीखाली, त्यांच्या रिफायनऱ्या मोडकळीला आल्या, पंपांवर मैलभर रांगा लागल्या, आणि मे २०२० मध्ये त्यांना इराणहून जहाजानं पेट्रोल मागवावं लागलं. स्वस्त होतं खरं, पण पंपावर नव्हतं.

दरात फरक पडला की माल वाहतो, हे मी पंपावर शिकलो. इराणचं स्वस्त पेट्रोल सीमा ओलांडून पाकिस्तानच्या बलुचिस्तानात जातं, पिकअपमध्ये कॅन रचून, मोटरसायकलला दोन्ही अंगांना कॅन बांधून. नायजेरियात सरकार दर दाबून ठेवायचं, तर तिथलं पेट्रोल शेजारच्या बेनिनमध्ये जायचं आणि रस्त्याच्या कडेला टेबल मांडून काचेच्या बाटल्यांत विकलं जायचं. आपल्याकडं आडगावच्या किराणा दुकानात शीतपेयाच्या बाटलीत लटकलेलं पेट्रोल बघितलंयस ना? तसंच, फक्त अख्ख्या शहराला पुरेल इतकं. २९ मे २०२३ रोजी नायजेरियाचे नवे अध्यक्ष बोला टिनुबू यांनी शपथविधीच्याच भाषणात सांगून टाकलं, सबसिडी संपली. दर दोन दिवसांत जवळपास तिप्पट झाला.

आपण याला हसायला नको. आपल्याकडं रेशनचं निळं रॉकेल होतं. ते स्वस्त, डिझेल महाग. मग रॉकेल डिझेलच्या टँकरात शिरायचं. त्या धंद्याला आडवे आले म्हणून २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. त्या आठवड्यात आमच्या पंपावर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांशी कोणी धड बोलू शकलं नव्हतं. दोन दरांमधल्या अंतराला किती धार असते, ते मला त्या दिवशी कळलं.

आता महाग. नॉर्वे. समुद्रातून तेल काढून युरोपला विकणारा देश, कुवेतसारखाच मालामाल, तरी पंपावर पावणेदोनशे रुपयांच्या आसपास लिटर. हा मंगळवेढ्याचा दुसरा शेतकरी : घरच्यांनाही बाजारभावानं ज्वारी घालतो, वर पट्टी लावतो, आणि पोती विकून आलेला पैसा नातवंडांच्या नावानं ठेवतो. तेलाच्या पैशाचा त्यांचा निधी जगातल्या सगळ्यात मोठ्या निधींपैकी आहे. त्यात पहिली रक्कम १९९६ मध्ये पडली. पेट्रोलवर कर आणि विजेच्या गाडीवर सवलत असं वर्षानुवर्षं केल्यावर २०२४ मध्ये तिथं विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत दहातल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. वीज त्यांची धरणाच्या पाण्याची.

ब्रिटनमध्ये लिटरमागं ५२.९५ पेन्स शुल्क, म्हणजे साठ-पासष्ट रुपये, आणि त्या शुल्कासकट सगळ्यावर २० टक्के व्हॅट. करावर कर लावायची रीत आपलीच नव्हे, हे बघून मला जरा बरं वाटलं. फ्रान्सनं डिझेल-पेट्रोलवरचा कर आणखी वाढवायचा घाट घातला, तर नोव्हेंबर २०१८ मध्ये लोक गाडीत ठेवायची सक्ती असलेली पिवळी जाकिटं घालून चौकाचौकात बसले. सरकारला ती वाढ मागं घ्यावी लागली.

पण परीक्षेत महाग देश विचारला तर यातला एकही लिहू नकोस. हाँगकाँग लिही. (देश नव्हे, चीनचा विशेष प्रदेश, एक गुण त्याचाही असतो.) तिथं लिटर तीन अमेरिकी डॉलरच्या वर, म्हणजे आपले पावणेतीनशेहून जास्त. मजा अशी की तिथला कर ६.०६ हाँगकाँग डॉलर, म्हणजे सत्तर रुपयेच. मग उरलेलं कशाचं? जागेचं. तिथं पंपाला लागणारी गुंठाभर जमीन सोन्याच्या भावानं घ्यावी लागते, आणि विकणाऱ्या कंपन्या मोजक्याच. ‘सगळा खेळ कराचा’ हे माझं म्हणणं हाँगकाँगला जाऊन आपटतं.

आणि एक. रुपयात मोजून देशांची तुलना करताना थोडी मजुरी पण मोज. अमेरिकेत पेट्रोल गॅलनवर विकतात, गॅलन ३.७८५ लिटरचा. डिसेंबर २०२५ मध्ये गॅलन तीन डॉलरच्या आसपास, म्हणजे लिटर बहात्तर रुपये. केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट, तो १९९३ पासून तेवढाच आहे. त्यावर राज्याराज्याचा वेगळा. तिथली केंद्रानं ठरवलेली किमान मजुरी तासाला ७.२५ डॉलर. म्हणजे सगळ्यात कमी मजुरीचा माणूससुद्धा एका तासाच्या कामात नऊ लिटर भरतो. आपल्याकडं बिगाऱ्याला दिवसाला सहाशे धर, आठ तासांचे. तासाला पाऊण लिटरसुद्धा येत नाही. वीस-तीस रुपयांचं पेट्रोल टाकायला सांगणारी गिऱ्हाइकं मी रोज बघितली. नोझल उचलून ठेवेपर्यंत मीटर थांबलेला असायचा.

प्रश्न : आमच्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्के घालतात म्हणे. इथेनॉल आमचं, कारखाना आमचा, तेल परदेशातून आणायचं कमी झालं. मग दर का उतरत नाही?
(ऊस उत्पादक, मोहोळ तालुका)

उत्तर : कारण तुमचं इथेनॉल स्वस्त नाही, पाटील. वर मी कंपनीचे त्रेपन्न रुपये सांगितले, ते कर सोडून पेट्रोलचे. तेल कंपन्या उसाच्या रसापासूनचं इथेनॉल ६५ रुपये ६१ पैशांना घेतात, शेवटी उरणाऱ्या, म्हणजे सी हेवी मळीपासूनचं ५७.९७ ला. त्रेपन्नच्या मालात साठीचा माल मिसळून भेळ स्वस्त कशी होणार? शिवाय इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलच्या दोनतृतीयांश. म्हणून मायलेज थोडं पडतं, तुमच्या गाडीचंही आणि माझ्याही. कच्चं तेल पुन्हा शंभर डॉलरवर गेलं तर हा हिशेब उलटा फिरेल.

ह्या दराचा फायदा पंपावर दिसत नाही, तो कारखान्याच्या गेटवर दिसायला पाहिजे. इथेनॉलचे पैसे कंपनीकडून लवकर मिळतात, साखर गोदामात पडून राहते. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान भाव, २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ३५५ रुपये. ती वेळेवर मिळाली का, हे तुम्ही मला पुढच्या पत्रात लिहा, मी इथून सांगू शकत नाही.

ब्राझीलनं मात्र गिऱ्हाइकाच्या हातात निवड दिलीय, आणि मला ती फार आवडते. तिथं साध्या पेट्रोलातच ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के इथेनॉल आहे, आणि शेजारच्या नोझलला निव्वळ उसाचं इथेनॉल मिळतं. २००३ पासून तिथं दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आल्या. ड्रायव्हर पंपावर गाडी लावतो, दोन्ही दर बघतो आणि मनात भागाकार करतो : इथेनॉलचा दर पेट्रोलच्या दराच्या ७० टक्क्यांहून कमी असला तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. आपल्याकडं मिसळून देतात आणि बिलावर नुसतं ‘पेट्रोल’ लिहितात.

प्रश्न : भूतानला सहलीला गेलो होतो. तिथल्या पंपावर आपल्याच कंपनीचा बोर्ड, पेट्रोल आपलंच, आणि दर आपल्यापेक्षा कितीतरी कमी. ही कुठली जादू?
(निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर : गुरुजी, निर्यातीच्या मालावर आपला देशातला कर लागत नाही. वरचे सत्तेचाळीस रुपये सीमेवर गळून पडतात आणि भूतान आपला छोटा कर लावतो. नेपाळलाही आपलंच तेल जातं, २०१९ पासून बिहारमधल्या मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंत पाइपलाइनसुद्धा आहे. आपल्याकडं दर चढले की बिहारच्या सीमेवरची माणसं नेपाळात जाऊन टाकी भरून येतात. आपलंच पेट्रोल आपणच परदेशात जाऊन आणायचं!

प्रश्न : पेट्रोल जीएसटीत कधी येणार?
(बारा वाचक, एकाच मजकुराची बारा पत्रं)

उत्तर : दोन्ही सरकारांना सत्तेचाळीस रुपये नको वाटतील तेव्हा. पुढचं पत्र.

प्रश्न : आमचं सासर हैदराबादचं, मेहुणीला विजापूरला दिलंय. महिन्याला कुठं ना कुठं गाडी काढावीच लागते. टाकी कुठं भरावी, इकडं की तिकडं?
(यंत्रमाग कारखानदार, अशोक चौक)

उत्तर : हा खरा सोलापुरी प्रश्न. जग बघायला कुवेतला जायची गरज नाही, हैदराबाद रोड पुरतो. नळदुर्ग, उमरगा ओलांडेपर्यंत महाराष्ट्राचा दर. पुढं हुमनाबादला कर्नाटकाचा. जहिराबादला शिरलात की तेलंगणाचा. एकच रस्ता, एकच तेल, तीन दर. तेलंगणाचा व्हॅट ३५.२ टक्के, हैदराबादला लिटर एकशे सातच्या वर. म्हणून सासरी जाताना सोलापूरला नाहीतर हुमनाबादला फुल्ल करा आणि परत येताना पुन्हा हुमनाबादपर्यंत कळ काढा.

विजापूरचं गणित पार बदललं. २०२३ मध्ये भीमेपलीकडं, कर्नाटकात, पेट्रोल चार-पाच रुपयांनी स्वस्त होतं, डिझेलही. आमच्या पंपावरचे ट्रकवाले टाकळीचा पूल ओलांडून धुळखेडला जाऊन भरायचे आणि आमच्याकडं फक्त हवा भरायला यायचे. हवा फुकट. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं व्हॅट वाढवला, पेट्रोल एका रात्रीत तीन रुपयांनी चढलं. एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवर पुन्हा दोन. आता पेट्रोलमध्ये दीड-दोन रुपये फरक उरलाय, डिझेलचा जवळपास पुसला गेला.

अशी पुलापलीकडची टाकी जगभर भरतात. बेल्जियम आणि लक्झेंबर्गच्या सीमेवर मार्टेलांज नावाचं गाव आहे. तिथं रस्त्याच्या एका अंगाला बेल्जियमची घरं आणि दुसऱ्या अंगाला, लक्झेंबर्गात, ओळीनं पेट्रोल पंप, कारण तिकडं कर कमी. सिंगापूरवाले याहून खट. तिथून पूल ओलांडला की मलेशिया, आणि मलेशियात पेट्रोल कितीतरी स्वस्त. म्हणून सिंगापूरनं १९९१ पासून नियमच केलाय : देशाबाहेर जाणाऱ्या सिंगापुरी गाडीची टाकी पाऊण भरलेली पाहिजे. नाक्यावर काटा बघतात, कमी दिसला तर दंड आणि गाडी माघारी. मलेशियाही कमी नाही, परदेशी नंबरच्या गाडीला सबसिडीचं पेट्रोल द्यायला बंदी. सप्टेंबर २०२५ अखेरपासून तर स्वतःच्या नागरिकांना ओळखपत्र दाखवल्यावर लिटर १.९९ रिंगिटनं (रिंगिट हे तिथलं चलन), बाकीच्यांना तेव्हा २.६० नं.

टाकळीच्या पुलावर असा काटा कोणी बघत नाही, हे आपलं नशीब.

आता तुमच्या कारचं सोडा, आमच्या गल्लीतल्या एका मित्राचं सांगतो. निवृत्त माणूस, मोटरसायकलवर दर पंधरवड्याला धुळखेडला पेट्रोल भरायला जायचा. मी एकदा त्याला कागदावर मांडून दाखवलं. जाऊन-येऊन पासष्ट किलोमीटर, पन्नासचं मायलेज, सव्वा लिटरच्या वर जळालं, म्हणजे एकशे तीस रुपये. दहा लिटरच्या टाकीवर वाचले वीस. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाला, ‘काका, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण तिथल्या हॉटेलातली मिरची भजी तुम्ही हिशेबात धरली नाहीत.’

पुढच्या रविवारी मी त्याच्या मागं बसून गेलो. भजी चांगली होती. पेट्रोल भरायचं राहून गेलं.